नाताळगीतें आणि धातुशंकूची गिटार
(सुवर्णमहोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



आपल्या तरुण मंडळींची इच्छा आहे कीं, नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाची धातुशंकूची गिटार देवळांत आणावी. वडील मंडळींना ही कल्पना रुचलेली नाहीं. ज्या वाद्याचा जन्म करमणुकीच्या रंगमंचासाठीं झाला, तें गव्हाणीपुढें कसें शोभेल, असें त्यांचें म्हणणें. हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं.

प्रथम वाद्याचा इतिहास पाहूं. साध्या गिटारचा आवाज वाद्यवृंदांत बुडून जाई. म्हणून जॉर्ज बीचम या अमेरिकन वादकानें लॉस एंजेलिस येथील जॉन डोपियेरा या स्लोव्हाक कारागिराकडे मोठ्या आवाजाची गिटार मागितली. डोपियेरानें तारांच्या घोडीखालीं ॲल्युमिनियमचे पातळ शंकू बसविले, आणि १९२७ सालीं तीन शंकूंची गिटार तयार झाली. पुढें त्यानें व त्याच्या भावांनीं एका शंकूची निराळी गिटार काढली. तिचें ‘डोब्रो’ हें नांव ‘डोपियेरा बंधू’ यांवरून पडलें. त्यांच्या मातृभाषेंत त्याचा अर्थ ‘चांगलें’ असाही होतो.

तेव्हां मोठा आवाज हा या वाद्याचा जन्मगुणच होय. परंतु गिटार व नाताळ यांचें नातें त्याहून जुनें आहे. ‘सायलेंट नाईट’ या गीताचे मूळ जर्मन शब्द फादर योझेफ मोर यांनीं १८१६ सालीं लिहिले, आणि शाळामास्तर फ्रान्झ झावर ग्रुबर यांनीं त्यांस चाल दिली. २४ डिसेंबर १८१८ रोजीं ऑस्ट्रियांतील ओबेर्नडॉर्फ गांवीं, संत निकोलस यांच्या देवळांत, दोघांनीं तें प्रथम म्हटलें. साथीला गिटारच होती, आणि ती वाजविणारा धर्मगुरु होता.

पवित्र मातासभेनें या बाबतींत सावधगिरी राखली आहे. पोप दहावे पायस यांनीं १९०३ सालीं पियानो व ढोलासारखीं गोंगाटी वाद्यें देवळांत मना केलीं. १९६३ सालच्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक संविधानानें ऑर्गनला अग्रमान देऊन, इतर वाद्यें पवित्र कार्यास योग्य असल्यास अधिकाऱ्यांच्या संमतीनें घेण्यास मुभा दिली. म्हणजे तरुणांनीं हट्ट धरावयाचा नाहीं, आणि वडिलांनींही केवळ नवें म्हणून नाकारावयाचें नाहीं. योग्यता सिद्ध झाली पाहिजे.

ती कशी होईल? जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सहा तारा सा ग प, सा ग प अशा लावाव्या. पोलादी कांडी बाराव्या पडद्यावर सरळ ठेवली कीं तोच स्वरमेळ वरच्या सप्तकांत मिळतो. पांचव्यावर मध्यमाचा, सातव्यावर पंचमाचा. या गीताला एवढे तीन मेळ पुरतात. कांडी पडद्याच्या अगदीं माथ्यावर हवी. केसभर सरकली तरी सूर ढळतो. तिच्या मागें डाव्या हाताचीं बोटें तारांवर हलकीं टेंकवावीं, म्हणजे नको ते नाद उठत नाहींत. आणि प्रत्येक स्वरावर घसरत जाऊं नये; तसें केल्यास अंगाईचें रडगाणें होतें! ओळीला एखादी मींड पुरे.

सर्वांत मोठा नियम असा: भाविकांचें गाणें पुढें, वाद्य मागें. शेवटच्या बांकावरील आजीचा आवाज शेजारणीला ऐकूं आला नाहीं, तर वाद्य मोठें झालें असें समजावें. मोठ्या आवाजासाठीं घडविलेलें वाद्य हळू वाजविणें हाच वादकाचा उपवास होय.

माझी सूचना एवढीच. १९६७ सालच्या आज्ञेप्रमाणें आगमनकाळांत देवळांत नुसतें वाद्यवादन करावयाचें नसे. तरुणांनीं आतांही ते चार आठवडे घरीं तालीम करावी. नंतर धर्मगुरूंसमोर व वडील मंडळींसमोर एक गीत वाजवून दाखवावें, आणि जो निर्णय होईल तो उभयतांनीं आनंदानें मानावा. बाळयेशूपुढें मेंढपाळ आले, तसे राजेही आले. गव्हाणीला दोघांचें वावडें नव्हतें. आपल्या घरांतही तरुण व वृद्ध एका सुरांत गावोत, हीच प्रभूचरणीं प्रार्थना.