नळकामाची उमेदवारी आणि परवाना

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातील जो तरुण एखाद्या जाणत्या कारागिराच्या हाताखाली लोखंडी नळाला आटे पाडावयास, त्यांवर सफेदा लावून सुतळी गुंडाळावयास आणि पान्याने सांधा बेताने आवळावयास शिकतो, त्याने हुन्नराबरोबरच आपली कागदपत्रेही वेळीच रीतसर करून घ्यावीत.

शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ अन्वये उमेदवाराचे वय किमान १४ वर्षे, आणि धोक्याच्या उद्योगांत १८ वर्षे, असावे लागते. मालकाशी लेखी करार होऊन त्याची नोंदणी व्हावी लागते, व उमेदवार अज्ञान असल्यास तो करार त्याच्या वतीने पालक करतो. या काळात त्यास विद्यावेतन मिळते, आणि कामावर इजा झाल्यास नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावर असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो कामगार गणला जात नाही.

उमेदवारीचा दाखला निराळा आणि परवाना निराळा. मुंबईत परवानाधारक प्लंबरची तरतूद १८८८ च्या महानगरपालिका कायद्यातच आहे. तेव्हा पोटापाण्यासाठी तिकडे जाणाऱ्याने तेथील, आणि गावीच राहणाऱ्याने डहाणू नगरपरिषदेच्या वा तलासरी नगरपंचायतीच्या कचेरीतील नियम आधी समजून घ्यावेत, आणि मगच नळजोडणीच्या कामास हात घालावा.