जनुकांचा गुणांक आणि हृदयविकार

वडिलांना पन्नाशीच्या आत हृदयविकाराचा झटका आला असेल, तर डॉक्टर मुलाच्या बाबतीत अधिक सावध होतात. घराण्याच्या या इतिहासाला आता जनुकीय गुणांकाची, म्हणजे जनुकांतल्या अनेक बारीक फरकांवरून काढलेल्या धोक्याच्या आकड्याची, जोड मिळू लागली आहे.

२००७ साली नवव्या गुणसूत्रावरच्या एका तुकड्याचा हृदयधमन्यांच्या आजाराशी संबंध सापडला. त्याचे धोक्याचे रूप आई आणि वडील, दोघांकडूनही आले असेल तर धोका ३० ते ४० टक्क्यांनी वाढतो. पण असा एकच तुकडा पाहून भागत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत अमित खेरा, सेकर कथिरेसन आणि सहकाऱ्यांनी असे ६६ लाख बारीक फरक जमेस धरून गुणांक काढला. ब्रिटनच्या यूके बायोबँक या आरोग्य-माहितीच्या साठ्यातल्या लोकांवर तो पडताळला, तेव्हा ८ टक्के लोकांचा धोका इतरांच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक निघाला.

मात्र या गुणांकामागची माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची. भारतीयांना ती जशीच्या तशी लावली, तर अंदाज कच्चा पडतो. ही उणीव गंभीर आहे, कारण आपल्याकडे हा आजार तुलनेने कमी वयातच गाठतो.

आणि गुणांक जास्त आला तर? धूम्रपान नको, लठ्ठपणा नको, नियमित व्यायाम आणि चौरस आहार हवा. यांपैकी किमान तीन पथ्ये सांभाळणाऱ्यांमध्ये, जनुकीय धोका मोठा असूनही, हृदयविकाराचे प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी आढळले, असे २०१६ चा एक अभ्यास सांगतो.