गाडी चालवणारीनंच चालवून बघावी

आमच्या टाकव्यातल्या बचत गटांत दुचाकीसाठी कर्ज मागणाऱ्या ताई आता वाढल्यात. आम्ही आधी विचारतो, गाडी चालवून कुणी पाहिली? उत्तर बहुतेक वेळा एकच, "ह्यांनी." चालवणार ताई, हप्ते फेडणार ताई आणि टेस्ट राईड मात्र दादांची!

शोरूमवाले हायवेलगत एक फेरी मारू देतात. सपाट रस्त्यावर कुठलीही गाडी गुळगुळीतच पळते. आपल्याला लागतो खांडीकडचा चढ, मावळातला पाऊस आणि मागे सासूबाई, नाहीतर इंद्रायणी तांदळाची गोणी. म्हणून लायसन्स, हेल्मेट आणि एक मैत्रीण घेऊन जा. तिला मागे बसवूनच फेरी मारा, जमलं तर चढाच्या रस्त्यावर. रोज साडी नेसत असाल तर साडीतच जा. बसल्यावर पाय जमिनीला टेकतात का? गाडी मेन स्टँडला लावून बघा, बंद करून मागे ढकला. अंगणात रोज हेच करायचंय.

ब्रेक हळू वेगात तपासा. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना २०१९मध्ये सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं झालं. सीबीएसच्या स्कूटरला डावा ब्रेक दाबला की दोन्ही चाकं धरतात.

विजेची गाडी चढावर दोघींना घेऊन चालली की चार्जिंग भराभर उतरतं, तेही बघा.

त्याच दिवशी टोकन देऊ नका. दोन गाड्या चालवा, नोंदणी-विम्यासकट दोन्हींची कोटेशनं गटाच्या बैठकीत आणा. मग कर्जाचं बोलू.