दिवा कोणाच्या डोळ्यांसाठी?

(भायखळा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गाचा विषय ‘डोळ्यांची निगा’ असा जाहीर झाला तेव्हा दोघातिघा कार्यकर्त्यांनी मला विचारले, की हा विषय दवाखान्याच्या भिंतीवरील तक्त्याचा. पक्षाच्या अभ्यासवर्गात त्याचे काय काम? पालेभाजी खावी आणि अंधारात वाचू नये, एवढे सांगण्यास राजकीय कार्यकर्ता कशाला हवा? शंका रास्त आहे. तिचे उत्तर मी मदनपुऱ्यातील एका माळ्यावर पाहिलेल्या गोष्टीने देतो.

मध्यंतरी काही कामानिमित्त मी तेथील एका जरीकामाच्या कारखान्यात गेलो होतो. कारखाना म्हणजे काय, तर माळ्यावरची एक खोली, दोन अड्डे आणि त्यांच्याभोवती मांडी घालून बसलेली आठ माणसे. त्यांतील एक बिहारमधून आलेला, वीस-बावीस वर्षे हेच काम केलेला कारागीर होता. हात तयार, तथापि तो बसला होता मोठे मणी टाकण्याच्या कामावर, जे काम नवशिक्या पोराला देतात. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘आता बारीक कामाचा कंटाळा येतो.’ जिना उतरताना मात्र त्याने खरे ते सांगितले. दोन वर्षे त्याला सुई ओवता येत नव्हती. शेजारचा पोरगा रात्री त्याच्यासाठी सुया ओवून ठेवी. मालकाला कळू नये म्हणून त्याने आपण होऊन हलके काम मागून घेतले होते आणि नगावर मिळणारी त्याची मजुरी जवळजवळ निम्म्यावर आली होती. मी माझा जवळचा चष्मा त्याच्या हाती दिला. त्याने तो लावला आणि बराच वेळ तो आपल्या सदऱ्याच्या बाहीवरील शिवणच न्याहाळत राहिला.

या चष्म्यालाच आपल्या भाषेत ‘चाळिशी’ म्हणतात. वय आणि चष्मा या दोहोंना एकच शब्द असावा, इतकी ही गोष्ट सार्वत्रिक आहे. डोळ्यातील भिंग लहानपणी लवचीक असते. जवळचे पाहताना ते फुगते. वयाबरोबर ते कडक होत जाते आणि चाळिशीच्या आसपास जवळची अक्षरे, सुईचे नेढे, तांदळातले खडे अस्पष्ट होऊ लागतात. हा रोग नव्हे, आणि यावर औषधही लागत नाही. एक साधा चष्मा पुरतो. अध्यापकाला किंवा कारकुनाला चाळिशी लागली तर तो ती नाकावर चढवून काम पुढे चालू ठेवतो. कारागिराला ती लागली तर त्याची मजुरी घटते, आणि तो ते लपवतो. एकाच वयाच्या दोन डोळ्यांच्या वाट्याला अशी दोन निरनिराळी भविष्ये येतात. म्हणून हा विषय आपला आहे.

या शहरातील श्रमिकांचा आणि प्रकाशाचा संबंध जुना आहे, आणि तो आपण विसरलो आहोत. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळला गिरणी कामगारांची सभा भरली. रविवारची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या तेथील मागण्या सर्वांना पाठ आहेत. परंतु त्यांतच आणखी एक मागणी होती : काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. त्या काळी गिरणीचे घड्याळ सूर्य होता. उजेड असेतो माग चालत आणि कामगार राबत. हे तास उन्हाळ्यात अमानुष होत; पण निदान अंधार पडला की सुटका होई.

पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले. आता कोणासही वाटेल, की कामगाराच्या डोळ्यांची सोय झाली. प्रत्यक्षात झाले असे, की दिवे आल्याबरोबर गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. १९०५ साली या लांबलेल्या तासांविरुद्ध मुंबईच्या गिरणी कामगारांनी काम बंद केले, दंगेधोपेही झाले. प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा त्यानंतर १९११ साली आला. दिवा आला तो सुताचा धागा दिसावा म्हणून. तो पाहणाऱ्याच्या डोळ्याचे काय होते हा हिशेब कोणी मांडलाच नव्हता. मदनपुऱ्यातील त्या माळ्यावरही पांढराशुभ्र प्रखर दिवा होता. तो अड्ड्याच्या मधोमध टांगला होता, जेणेकरून कापड नीट दिसावे. कारागिरांच्या डोळ्यांवर मात्र त्याची तिरीप येत होती आणि हाताची सावली नेमकी टाक्यावर पडत होती. दिवा जरा वर घेऊन बाजूला सरकवला असता तर खर्च शून्य होता.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना अधिनियमाने हा हिशेब प्रथम नीट मांडला. त्याच्या सतराव्या कलमात पुरेसा व योग्य प्रकाश, चकाकी व सावलीमुळे डोळ्यांवर ताण येऊ न देणे, खिडक्यांच्या काचा स्वच्छ ठेवणे, असे सारे सांगितले होते. पस्तिसाव्या कलमाने जेथे कण उडतात किंवा तीव्र प्रकाश असतो तेथे पडदे अथवा संरक्षक चष्मे देणे भाग पाडले होते. उत्तम कायदा! फक्त तो लागू व्हायला विजेवर चालणाऱ्या जागी दहा आणि विजेविना वीस माणसे लागत. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने कारखान्याच्या व्याख्येतील हे आकडे वीस आणि चाळीस केले, आणि केंद्र सरकारने ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केली. गिरण्या गेल्या, काम लहानलहान खोल्यांत विखुरले. आणि काम जसजसे विखुरत गेले तसतसा कायद्याचा उंबरठा उंच होत गेला. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

त्याच संहितेच्या अंमलबजावणीबरोबर सरकारने जाहीर केले आहे, की चाळीस वर्षांवरील कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्यतपासणी मालकाने करून द्यावयाची आहे. चाळीस वर्षे! हे वय आपल्यासाठी अर्थपूर्ण आहे. रक्तदाब पाहिला, वजन केले, कागदावर शिक्का मारला, अशी ती तपासणी होऊ नये. तीत डोळ्यांची तपासणी असावी आणि जवळच्या चष्म्याचा खर्च तपासणीतच धरावा, ही मागणी आपण आतापासूनच लावून धरली पाहिजे. जेथे दहाहून कमी माणसे आहेत तेथे संहिताही सर्वसाधारणपणे पोहोचत नाही. तेथे आपणच पोहोचावे लागेल.

मागणी करताना पुरावा हवा, आणि तो आहे. आसाममधील चहाच्या मळ्यांत चाळीस वर्षांवरील ७५१ कामगारांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना जवळचे चष्मे दिले, निम्म्यांना चाचणी संपल्यावर दिले. चष्मा मिळालेल्यांची पाने खुडण्याची क्षमता दुसऱ्या गटाहून सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. पुढे बांगलादेशात झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच चाचणीत चष्मा मिळालेल्यांचे उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने जास्त आढळले. पहिल्या चाचणीचे माप किती किलो पाने खुडली हे होते. मालकाच्या कानाला गोड लागावे असेच ते माप. आपल्याला दुसरे माप अधिक जवळचे आहे. परंतु वाटाघाटीला बसताना दोन्ही खिशात असू द्यावीत. मालकाला त्याच्या भाषेत सांगितलेले लवकर कळते.

आता प्रत्यक्ष निगेविषयी. मी वैद्य नाही. नेत्रतज्ज्ञांकडून समजून घेतलेले तेवढेच सांगतो.

येथून रे रोड, दारूखाना, लोखंड बाजार जवळ. वेल्डिंग आणि कटिंग करणारे आपले पुष्कळ साथी तेथे आहेत. उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिल्यास बुबुळाचा पृष्ठभाग अतिनील किरणांनी भाजतो. त्या वेळी काहीच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू ओतल्यासारखे होते. हे साधारणतः एकदोन दिवसांत आपोआप बरे होते; म्हणून बटाट्याची चकती, दूध, गुलाबपाणी यांना फुकटचे श्रेय मिळते. दूध डोळ्यांत घालू नये. डोळा बधिर करणारे थेंब औषधाच्या दुकानातून आणून पुनःपुन्हा घालणे तर फार घातक : वेदना जाते आणि बुबुळ आतून झिजत राहते. ग्राइंडरवर काम करताना लोखंडाचा कण गेला तर शेजाऱ्याने काडीने किंवा रुमालाच्या टोकाने तो काढण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यातला हात कितीही सराईत असला तरी ती रीत मोडली पाहिजे. कण रुतला असेल तर डोळा न चोळता सरळ रुग्णालय गाठावे.

चुन्याचे निराळे आहे. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना फुटते आणि चुना पोराच्या डोळ्यांत उडतो. तेथे रुग्णालयाआधी पाणी! पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धूत राहावे, पापणीखालचे चुन्याचे कण निघू द्यावेत, आणि मग धावावे. येथे गेलेली पहिली पाच मिनिटे नंतर कोणताही सर्जन परत देऊ शकत नाही.

जे दुखते त्याच्याकडे माणूस लक्ष देतो. मधुमेहाने दृष्टिपटलाची हानी होते ती दुखत नाही. काचबिंदू बहुधा दुखत नाही. तो कडेची नजर खात खात मध्याकडे येतो, आणि गेलेली नजर परत येत नाही. म्हणून साखरेचा विकार असलेल्याने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा, आणि घरात कोणाला काचबिंदू असेल तर भावंडांनी चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि नस पाहून घ्यावी. पदपथावरील तयार चष्म्याने जवळचे दिसू लागते, त्याची मी निंदा करणार नाही. पण तपासणीशिवाय चष्मा घेतला म्हणजे हे मूक आजार पकडण्याची संधी हुकते. डोळे लाल झाले, खाज सुटली की स्टिरॉईडचे थेंब चिठ्ठीविना आणून महिनोन्‌महिने घालणारे आपल्यात कमी नाहीत. त्या थेंबांनी लाली जाते. पुढे काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही येऊ शकतात.

मोतीबिंदूबाबत ‘पिकू द्या’ हा जुना सल्ला आता सोडून द्यावा. जुन्या पद्धतीत त्याला काही अर्थ होता. आजच्या शस्त्रक्रियेत अतिपक्व मोतीबिंदू उलट अवघड जातो आणि डोळ्याचा दाबही वाढवू शकतो. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के मोतीबिंदूमुळे आढळले, म्हणजे जे अंधत्व अर्ध्या तासाच्या शस्त्रक्रियेने जाते ते! १९७६ साली भारताने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आणि आपल्या भायखळ्यात तर जे. जे. रुग्णालय आहे, जेथे सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १८६० च्या दशकात नेत्ररुग्णालय उभे राहिले आणि जेथे डॉ. तात्याराव लहाने यांच्या काळात खेड्यापाड्यांतून माणसे मोतीबिंदूसाठी येत. इतक्या जवळ राहून आपली म्हातारी माणसे का जात नाहीत? भीती हे एक कारण. दुसरे असे, की त्यांना नेणाऱ्या मुलाचा वा सुनेचा तीनचार दिवसांचा रोज बुडतो. शस्त्रक्रिया मोफत असते. ते दिवस मोफत नसतात. शाखेतील दोन माणसे पाळीपाळीने सोबत गेली तर हा अडथळा उरत नाही.

मुलांविषयी एकच. लांबचे न दिसण्याचा दोष मुलांत वाढतो आहे, आणि सारा दोष मोबाईलवर टाकून आपण मोकळे होतो. चीनमधील ग्वांगझू येथे शाळेत रोज चाळीस मिनिटे अधिक उघड्यावर घालवणाऱ्या मुलांत तीन वर्षांत हा दोष ३० टक्क्यांना जडला, इतरांत तो सुमारे ४० टक्क्यांना. उघड्यावरचा दिवसाचा उजेड हेच येथले औषध. (निळ्या काचेचे महागडे चष्मे मोबाईलपासून डोळे वाचवतात, असा दुकानदारांचा दावा आहे; २०२३ साली अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात डोळ्यांचा ताण कमी होतो असे दिसले नाही. पैसे वाचवावेत.) आता दहा बाय बाराच्या खोलीतले मूल उघड्यावर कोठे जाणार? आपल्या दाराशी राणीबाग आहे. २०१७ साली तिचे प्रवेशशुल्क प्रौढांसाठी पाच रुपयांवरून पन्नास रुपये झाले. त्या वेळी आपण निषेधपत्रक काढले असते तर त्यात प्राणी आले असते, महागाई आली असती. मुलांचे डोळे कोणाला सुचले नसते, मलाही नाही.

तेव्हा कामाचे बोलू. येत्या महिन्यात मदनपुरा आणि रे रोड येथील निदान चाळीस कारखान्यांत जाऊन तीन प्रश्न विचारावयाचे आहेत : चाळिशीपुढील किती माणसे आहेत, त्यांतील कितींना सुई ओवता येते, आणि दिवा कोठे टांगला आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी पाहून लिहावे; विचारून नव्हे. वहीत कारागिराचे नाव घालू नये. मालकाच्या हाती ती गेली तर आपणच त्याचे काम घालवू. पहिली फेरी रविवारी सकाळी दहाला निघेल. ज्यांना चाळिशी लागली आहे त्यांनी ती बरोबर आणावी. ती लावून पाहिल्याशिवाय पुष्कळांना आपल्याला काय दिसत नाही हेच ठाऊक नसते.