मालकाचं नाव



  या पदवीदान समारंभाच्या निमंत्रणपत्रात मला विषय कळवला होता, ‘कामगार चळवळ : सद्यस्थिती आणि युवकांपुढील संधी’. संधींबद्दल मी फार बोलणार नाही. माझं आयुष्य कामगार न्यायालयात कामगारांची बाजू मांडण्यात गेलं. तिथे जे पाहिलं तेवढंच मी खात्रीने सांगू शकतो. तुमच्यातले काहीजण कायद्याचे पदवीधर आहेत, काहीजण कामगार कल्याण आणि मनुष्यबळ विकासाचे. म्हणजे उद्या एकाच टेबलाच्या दोन बाजूंना तुम्ही बसणार आहात. माझं मागणं दोघांकडेही एकच आहे. त्याकडे येतोच.

मी वकिलीला लागलो 1984 साली, परळला, एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरणी संप तोवर मोडल्यात जमा होता. पण कुणी मागे घेतला नव्हता, आणि आजतागायत तो रीतसर कुणी मागे घेतलेला नाही. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात होते. आमच्या ऑफिसच्या जिन्यात सकाळपासून माणसं बसलेली असत. साचेवाले, त्रासन खात्यातले, वाइंडिंगच्या बाया, बदलीवाले. प्रत्येकाच्या हातात पिशवी, आणि पिशवीत जपून ठेवलेले कागद : पगाराच्या चिठ्ठ्या, ईएसआयचं कार्ड, बदलीचा पास. गावाकडची जमीन गहाण पडलेली, मुलांची शाळा सुटलेली, आणि तरीही माणूस विचारायचा तो कायद्याचा प्रश्न : ‘वकीलसाहेब, आम्ही सगळे डॉक्टरांच्या मागे. मग कोर्टात आमच्या वतीने ती दुसरी युनियन कशी काय बोलते?’

डॉक्टर म्हणजे दत्ता सामंत. आणि त्या प्रश्नाचं उत्तर होतं 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. त्या कायद्याप्रमाणे गिरणी कामगारांची प्रातिनिधिक युनियन एकच, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार रस्त्यावर कुणाच्याही मागे जावोत, करार करण्याचा अधिकार तिचाच. हा कायदा रद्द करा, ही त्या संपातली मोठी मागणी होती. लोकांना आज त्यातली फक्त पगारवाढ आणि बोनस आठवतो. माझ्या मते तो संप आपल्या वतीने कोण बोलणार हे स्वतः ठरवण्याच्या हक्कासाठी होता, आणि तो हक्क न मिळाल्यामुळे गिरणगाव गेलं. जमिनीच्या भावाची गोष्ट नंतरची.

कायद्याच्या हिशेबातच नसलेल्यांचा विषय निघाला की खानावळवाल्या बायकांची आठवण येते. गिरण्यांतल्या एकट्या राहणाऱ्या पुरुषांना त्या जेवू घालत, महिन्याच्या उधारीवर. संपाच्या काळात उधारी थकली तरी अनेकींनी ताटं बंद केली नाहीत. कोणत्याही कायद्याने त्या कामगार नव्हत्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेच्या दारापर्यंत नेलं. तुमच्या अभ्यासक्रमात कामगार चळवळीचा इतिहास असेल तर त्यात हे पान आहे का, ते मला जरूर सांगा.

परळच्या आमच्या त्या ज्येष्ठ वकिलांची, आमच्या सरांची, एक सवय होती. नवा कामगार समोर बसला की ते डायरी उघडत आणि पहिला प्रश्न विचारत : ‘मालक कोण?’ पगार, नोकरीची वर्षं, चार्जशीट, सगळं नंतर. त्या काळी एका दमात उत्तर येई. गिरणीचं नाव, खात्याचं नाव, तिकीट नंबर. माणूस देशोधडीला लागलेला असे, पण कुणाविरुद्ध भांडायचं हे त्याला ठाऊक असे. पुढे मी पुण्याला आलो, स्वतःचं ऑफिस काढलं, आणि तोच प्रश्न विचारत राहिलो. नव्वदच्या दशकात उत्तराला वेळ लागू लागला. 2000 नंतर तर समोरची माणसं एकमेकांकडे बघू लागली.

चाकणच्या पट्ट्यातलं एक प्रकरण सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही. एक माणूस प्रेस शॉपमध्ये एकाच मशीनवर बारा वर्षं. या बारा वर्षांत त्याचे चार ठेकेदार झाले. दर वेळी पीएफचा नंबर नवा, गेटपास नवा, नेमणुकीची तारीख नवी. मशीन तेच, सुपरवायझर तोच, जागा तीच. कायम कामगारांचा युनिफॉर्म निळा, याचा राखाडी. कॅन्टीनमध्ये रांग वेगळी. युनियन करायची म्हणून सह्या गोळा केल्या आणि तिसऱ्या दिवशी त्याला गेटवर अडवलं. कंपनी म्हणाली, हा आमचा माणूस नाही, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणाला, माझा ठेकाच संपला.

आम्ही अनुचित कामगार प्रथेची तक्रार केली. कंपनीचा तरुण एचआर अधिकारी साक्षीला आला. मी विचारलं, ‘या कामगाराला ओळखता?’ ‘नाही.’ माझ्या अशिलाने पिशवीतून एक लॅमिनेट केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. कायझेनचं प्रमाणपत्र. मशीनच्या गार्डमध्ये याने एक सुधारणा सुचवली होती, त्याबद्दल कंपनीने सत्कार केलेला. वर कंपनीचं बोधचिन्ह, मध्ये कामगाराचं नाव, खाली त्याच एचआर अधिकाऱ्याची सही. मी तो कागद त्याच्यापुढे ठेवला. सही माझी आहे, असं तो म्हणाला. माणसाला ओळखतो, असं मात्र शेवटपर्यंत म्हणाला नाही.

तक्रार फेटाळली गेली. न्यायाधीश सहृदय होते, पण त्यांचे हात बांधलेले होते. 2001 साली सिप्लाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखालची तक्रार चालणार नाही. आधी दुसऱ्या कायद्याखाली नातं सिद्ध करा, मग या. म्हणजे तेव्हा सलोखा अधिकारी, मग सरकारकडून रेफरन्स, मग लेबर कोर्ट, मग हायकोर्ट. ज्याची चूल आज विझली आहे त्याने हा रस्ता चालायचा. त्याच वर्षी स्टील ॲथॉरिटीच्या निकालाने हेही ठरवलं की ठेका पद्धत रद्द झाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. माझ्या पिढीतल्या कामगार वकिलांच्या कामाला 2001 च्या आधीचं आणि नंतरचं असे दोन भाग पडतात.

मला त्या निकालांपेक्षाही जास्त बोचतो तो एचआर अधिकारी. तोही तुमच्यासारख्याच एका सभागृहातून पदवी घेऊन बाहेर पडलेला होता. फॅक्टरी कायद्याने 500 किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमायला लावला, तो कामगाराला ओळखावा म्हणूनच. मी असे अधिकारी पाहिले आहेत ज्यांना खात्यातल्या माणसाच्या मुलीच्या लग्नाची तारीख माहीत असे, आणि व्यवस्थापनाच्या बैठकीत जे त्याच्यासाठी तोंड उघडत. नव्या कामगार संहितेने ती मर्यादा 250 वर आणली आहे. पदं वाढतील. त्यांवर बसणारी माणसं कामगाराकडे बघतील का, हे तुमच्यावर आहे.

आमच्या बाजूचीही तक्रार सांगतो, नाहीतर बोलणं अर्धं राहील. गेल्या काही वर्षांत मी औद्योगिक पट्ट्यांत असे पुढारी पाहिले जे सकाळी गेटवर झेंडा लावत आणि संध्याकाळी भाच्याच्या नावाने लेबरचा ठेका घेत. माथाडीच्या नावाखाली ट्रक अडवून खंडणी मागणारे पाहिले. ज्या चळवळीत नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 साली 5,500 गिरणी कामगारांच्या सह्या गोळा करून निवेदन दिलं आणि 1890 साली रविवारची सुट्टी मिळवून दिली, त्या चळवळीचं नाव या लोकांनी मातीत घातलं. आणि तारखांवर तारखा घेऊन कामगाराला थकवणं हेच कौशल्य मानणारे आमचे वकीलबंधू! एका साक्षीसाठी माणूस नगरहून एसटीने येतो, दिवसाची मजुरी बुडवतो, आणि दुपारी बारा वाजता त्याला सांगितलं जातं, पुढच्या महिन्यात या. मला या गोष्टीचा अजूनही संताप येतो.

आता नव्या कायद्यांविषयी. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, 29 जुने कायदे त्यात विरले. सगळं वाईट आहे असं मी म्हणणार नाही. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं, मुदतीच्या कामगाराला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी द्यायची, या तरतुदींचं मी स्वागत करतो. पण कामगारांची ताकद या संहिता कुठे कापतात तेही वाचा. 300 पेक्षा कमी कामगार असतील तर स्थायी आदेश बंधनकारक नाहीत आणि कपातीला सरकारची परवानगी लागत नाही. संपाआधी 14 दिवसांची नोटीस प्रत्येक उद्योगात हवी. सलोख्याची बोलणी चालू असताना संप बेकायदा. निम्म्या कामगारांनी एका दिवशी मिळून रजा टाकली तर तोही संपच. बेकायदा न ठरणारा संप करायचा तरी कसा, हे मला चाळीसेक वर्षांच्या वकिलीनंतर सांगता येणार नाही.

कामगारांची ही ताकद पैशाआधी ओळखीची असते, हे तामिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरने दाखवलं. सप्टेंबर 2024 मध्ये सॅमसंगच्या कारखान्यातल्या सुमारे 1,500 कामगारांनी 37 दिवस संप केला. मुख्य अडचण होती युनियनच्या मान्यतेची. युनियनच्या नावात कंपनीचं नाव नको, असा कंपनीचा आक्षेप होता. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी 2025 मध्ये त्याच नावाने युनियनची नोंदणी झाली. त्या कामगारांना आपला मालक कोण हे माहीत होतं, म्हणून ते लढू शकले.

आणि ज्यांना ते सांगताच येत नाही? गेल्या पावसाळ्यात हडपसरचा एक मुलगा ऑफिसात आला. घरपोच सामान पोचवणारा. त्याचा आयडी ब्लॉक झाला होता, कुणा ग्राहकाच्या तक्रारीवरून. तक्रार काय, त्याला माहीत नाही. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. मदतीच्या खिडकीत त्याने नऊ वेळा लिहिलं होतं, नऊ वेळा तेच छापील उत्तर आलं होतं. गाडीचा हप्ता चालू. मी नोटीस धाडली. उत्तर आलं, ते आमचे कामगार नाहीत, वाद असेल तर करारानुसार दुसऱ्या राज्यातल्या शहरात लवादापुढे यावं. सरांचा प्रश्न त्याला विचारायचं मला धैर्य झालं नाही.

पण ही मुलंही एकत्र येत आहेत. 2025 च्या डिसेंबरात, 25 आणि 31 तारखेला, देशात अनेक शहरांत त्यांनी ॲप बंद ठेवलं. त्यापुढच्या जानेवारीत केंद्रीय कामगारमंत्र्यांनी कंपन्यांशी बोलणी केली आणि दहा मिनिटांत माल पोचवण्याची जाहिरात मागे घेतली जाऊ लागली. राजस्थानने 2023 मध्ये त्यांच्यासाठी कायदा केला, मग कर्नाटकाने. कर्नाटकात प्रत्येक व्यवहारामागे कामगाराला दिलेल्या रकमेच्या 1 ते 5 टक्के कल्याण शुल्क मंडळाकडे जमा करायचं आहे.

हे ऐकून महाराष्ट्राला नवल वाटायचं कारण नाही. आपण हे 1969 सालीच केलं. पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाड्याला एक मालक नव्हताच. सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक, दुपारी दुसऱ्याचा. अण्णासाहेब पाटलांनी लढून माथाडी कायदा मिळवला. मालकाची नोंद मंडळात, कामगाराची नोंद मंडळात, मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची. त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. शंभर मालक असले तरी जबाबदारी कुणाची हे त्या कायद्याने कागदावर आणलं. गोणी उचलणाऱ्याला जे मिळालं ते मोबाइल बघत स्कूटर चालवणाऱ्याला का मिळू नये, याचं उत्तर आजवर मला एकाही सरकारी अधिकाऱ्याकडून मिळालेलं नाही. महाराष्ट्रात या मुलांसाठीही असा कायदा व्हावा यासाठी तुमच्यातल्या वकिलांनी मसुदा लिहायला बसावं. मी वेळ देईन, माझी जुनी कागदपत्रं देईन.

मुलांनो, माझं मागणं एवढंच आहे. मालक लपवणारा कागद तयार करू नका आणि त्यावर सही करू नका. आज कामगाराची ताकद मोडायला लाठी लागत नाही, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाने लिहिलेली दोन पानं पुरतात. ठेकेदार बदलून माणूस तोच ठेवणारा करार, शिकाऊ म्हणून वर्षानुवर्षं राबवणारं नेमणूकपत्र, लवादाला दूरच्या शहरात पाठवणारं कलम, हे सगळं कुणीतरी पदवीधर लिहितो.

येत्या वर्षभरात असा एखादा करार तुमच्या टेबलावर येईल. सही करण्याआधी उठा, शॉपफ्लोअरवर जा, त्या करारातला माणूस जिथे उभा आहे तिथे त्याला भेटा. त्याला विचारा, पगार थकला किंवा हात मशीनमध्ये गेला तर तू कुणाकडे जाशील. त्याला नाव सांगता आलं नाही, तर तो करार परत पाठवा.