खापरच्या मांडवात आपलं स्वागत

लांबून आलेले संशोधक मित्रहो,

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने तुम्ही सुखरूप पोचलात, आमचा जीव भांड्यात पडला.

खापर नकाशात शोधावं लागतं, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. सातपुड्याच्या पायथ्याची, गुजरातच्या हद्दीजवळची ही बाजारपेठ. डोंगरातून मोह, चारोळी, आमचूर उतरतो. इथून मीठ, कापड वर जातं. बोलायला भिली, अहिराणी, गुजराती, मराठी, आणि भाव करताना चारही एकदम! १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा झाला. त्याआधी कचेरीच्या कागदासाठी थेट धुळं गाठायचं.

वेळेची चिठ्ठी आली आहे, पण गुला महाराजांचं नाव घेतल्याशिवाय मी बसणार नाही. तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे हे आदिवासी संत. १९३० च्या दशकात त्यांनी दारू सोडायला, स्वच्छ राहायला सांगितलं आणि त्यांच्या आरतीला माणसांचा पूर लोटला. एकमेकांना ‘आप’ म्हणायचं, हा त्यांचा शिरस्ता. आमच्या थोरांनी तो पाळला. बाहेर मात्र महाराजांना कोण ओळखतं? आज मोरवडला जाऊन या, गाडीची सोय मी करतो.

आता तुमचा विषय, चिपवर रेणू ओळखण्याचा. मला समजलं ते एवढंच, की चिपवरच्या केसाएवढ्या नळीत दोन द्रव शेजारून वाहतात, चटकन मिसळत नाहीत. त्यामुळे नळीतल्या सोन्याच्या पातळ थरापर्यंत हवा तो रेणू पोचायला वेळ लागतो, आणि तो चिकटल्याशिवाय थरावरून परतणाऱ्या प्रकाशात फरक दिसत नाही. म्हणून चिपवर ध्वनिलहरी सोडून द्रव घुसळायचा. काठी गावच्या राजवाडी होळीत ढोल घुमला की पाड्यापाड्यांचे घोळके असेच एकमेकांत मिसळतात. तुम्ही ती होळी पाहिली असती तर ही युक्ती लवकर सुचली असती, असं आपलं मला वाटतं.

यात आमचा स्वार्थही आहे. या पट्ट्यात सिकलसेलचा आजार फार. साध्या चाचणीत शंका आली की रक्त पक्क्या तपासणीला दूर जातं, आणि निकाल येईपर्यंत माणूस ऊसतोडीला गुजरातेत गेलेला असतो. निकाल पाड्यावरच हातात पडेल असं काही करा.

व्यवस्थेत उणिवा आहेत. वसतिगृहातल्या खाटा आखूड आहेत, उंच पाहुण्यांनी सांभाळून घ्यावं. वीज गेली तर जनरेटर आहे. तोही रुसला तर कंदील आहेत. मांडव, किराणा, भाजी, पाण्याचे टँकर देणाऱ्या व्यापाऱ्यांचे, शेतकऱ्यांचे आभार. नावं वाचली तर जेवण थंड होईल, आणि एखादं राहिलं तर मला गावात फिरता येणार नाही, म्हणून यादी फळ्यावर लावली आहे. रात्रभर चुलीपाशी बसलेल्या भगिनींचे तर उपकारच.

पंगत एक वाजता. कळण्याची भाकरी आणि भरीत आहे; ज्यांना तिखट सोसत नाही त्यांनी वाढप्यांना आधीच सांगावं.