बोंडअळी आणि सरकीची मालकी

(येरवडा येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात ज्या पेटीचरख्याला रूप दिले, तो ‘येरवडा चरखा’ म्हणून ओळखला जातो. पण सुताच्या आधी कापूस आणि कापसाच्या आधी सरकी. ती सरकी कोणाच्या मालकीची, हा प्रश्न आज विदर्भ-मराठवाड्यातील कष्टकऱ्यापुढे उभा आहे.

किडीला तोंड देण्याची शक्ती मुळात वनस्पतीच्याच अंगी असते. पानांवर दाट लव असलेल्या कपाशीवर तुडतुड्यांचे फावत नाही. देशी कपाशी तर रसशोषक किडींना सहसा दाद देत नाही. हा गुण हेरून तो पिढ्यानुपिढ्या स्थिर करणे, हे पैदासकाराचे काम. असे सरळ वाण एकदा हाती आले की शेतकरी त्याचे बी घरीच राखतो. बियाण्याच्या व्यापाऱ्याला नेमके हेच परवडत नाही!

बोंडअळीला पुरून उरेल असा गुण मात्र कपाशीत नव्हता. म्हणून जमिनीतील एका जिवाणूचे जनुक तीत घालण्यात आले. त्याचे प्रथिन अळीचे आतडे निकामी करते. विज्ञानाचे हे यश नाकारण्याचे कारण नाही. परंतु २००२ साली ही ‘बीटी’ कपाशी भारतात आली ती संकरित बियाण्यातून. म्हणजे दरवर्षी नवे पाकीट. ४५० ग्रॅमला सोळाशे रुपयांहून अधिक मोजावे लागत. २००६ मध्ये आंध्र सरकारने मक्तेदारी आयोगाकडे धाव घेतली, तेव्हा ही किंमत साडेसातशेवर उतरली.

भोवती बिगर-बीटी कपाशी लावण्याची अट कागदावरच राहिली. लांब मुदतीचे पीक हिवाळाभर शेतात उभे राहिले आणि शेंदरी बोंडअळी त्या विषाला सरावली. २०१० साली गुजरातेत कंपनीनेच हे मान्य केले. २०१७ मध्ये महाराष्ट्रात दोन जनुकांचे वाणही तिच्यापुढे हरले. अनेक बीटी संकर रसशोषक किडींना बळी पडत, त्यामुळे फवारणीही सुटली नव्हती. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

सार्वजनिक संशोधनाची चूकही झाकून ठेवता कामा नये. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ यांचे ‘बिकानेरी नरमा’ हे सरळ बीटी वाण बाजारात आले. पण त्यात मोन्सँटोचे जनुक आढळल्याने ते मागे घ्यावे लागले. यात बहुमोल वर्षे वाया गेली. पुढे नागपूरच्या संस्थेने सरळ बीटी वाणे दिली खरी. त्यांचे बियाणे तालुक्यात किती आले आणि कोणाला मिळाले, याची चौकशी कार्यकर्त्यांनी खरिपापूर्वी कृषी कार्यालयात जाऊन करावी.